परतीचं भाडं

पिंपळगाव बसवंतहून दिल्लीला द्राक्षं न्यायची तर भाडं शोधावं लागत नाही. जानेवारी ते एप्रिल व्यापारीच फोन करतात. मुंबई-आग्रा रस्ता धरायचा, धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, पलवल करत रात्री आझादपूर मंडीत गाडी लावायची. पहाटे पल्लेदार क्रेट उतरवतात, आडत्याची पोहोच हातात येते आणि गाडी खाली होते. ज्याची एकच गाडी आहे आणि तीही तो स्वतःच चालवतो, त्याचा खरा धंदा इथून पुढे सुरू होतो.

हिशेब सरळ आहे. अंतर साधारण १३०० किलोमीटर. भरलेली दहाचाकी चारचा ॲव्हरेज देते, म्हणजे ३२५ लिटर. नव्वद रुपये लिटर धरलं तर एका बाजूचं डिझेलच २९,२५० रुपयांचं. रिकामी गाडी डिझेल थोडं कमी पिते, पण टोल मालावर नसून ॲक्सलवर असतो, रिकाम्यालाही तेवढाच बसतो. बँकेचा हप्ता तर उभ्या गाडीलाही चालूच. जाण्याच्या भाड्यात दोन्ही बाजू भागवल्या की हातात टायर घासल्याचं समाधान उरतं. म्हणून मी आमच्याकडच्या नव्या मालक-ड्रायव्हर पोरांना सांगतो, दिल्लीची फेरी ठरवताना आधी परतीचा विचार करा.

आझादपूरपासून जवळच संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगर आहे. ओळीनं ट्रान्सपोर्टची ऑफिसं, दारावर पूना, नासिक, सोलापूर, हैदराबाद अशी गावं रंगवलेली. आत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, “कितने चक्के, उस्ताद? पासिंग कितना?” दुसऱ्या वाक्यात दलाल भाड्याचा आकडा टाकतो, आणि नवखा माणूस त्या आकड्यावर घासाघीस करायला बसतो. मी आकडा शेवटी विचारतो. माल काय, भरायचा कुठे, उतरायचा कुठे, उतराई कोणाकडे आणि बॅलन्स कोण देणार, ही उत्तरं आधी हवीत. त्यांच्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

भरायची जागाच घ्या. दलालाच्या तोंडी सगळंच ‘दिल्ली लोडिंग’ असतं. पण कुंडली वेगळी, नरेला वेगळं, मानेसर, फरिदाबाद, भिवाडी तर फारच वेगळी. आझादपूरहून कुंडलीला जी. टी. रोडनं सरळ जाता येतं. मानेसरला जायचं तर शहरातली नो एन्ट्री सांभाळत रात्रीची वाट बघायची, नाहीतर बाहेरून वळसा घालायचा. २०१८ साली कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हापासून हा वळसा सुसह्य झालाय, पण त्याचा टोल आणि डिझेल माझ्याच खिशातून जातं. थंडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. हवा बिघडून ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषणावरच्या निर्बंधांचा, चौथा टप्पा लागला की जुन्या डिझेल ट्रकांना दिल्लीची हद्द बंद होते. फळं-भाजी घेऊन आत जाता येतं, पण एकदा बाहेर पडलं की रिकाम्या गाडीनं पुन्हा आत येऊन माल भरण्याची आशा धरू नये. त्या दिवसांत मी परतीचा माल हरियाणातूनच बघतो.

मालाचीही पारख लागते. दिवाळीच्या आसपास पानिपतच्या ब्लँकेटला मागणी येते. हौदा ताडपत्रीपर्यंत भरतो, पण काट्यावर वजन कमी भरतं. गाडी घाटात दमत नाही, ॲव्हरेज चांगला मिळतो. यमुनानगरचं प्लायवूड याच्या उलट. हौदा अर्धा दिसतो आणि पासिंग, म्हणजे गाडीला मंजूर वजन, संपलेलं असतं. प्लायवूडचं भाडं टनावर असेल तर “दोन टन ज्यादा डाल देते हैं” हे वाक्य येणारच. जुलै २०१८ मध्ये सरकारनं ॲक्सलची मर्यादा वाढवली आणि दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. त्याच्या वर गेलं तर सप्टेंबर २०१९ पासून दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दोन टनांचं भाडं एका नाक्यावर संपतं. शिवाय मुकाट्यानं जादा माल उतरवूनही घ्यावा लागतो.

आता मोबाईलवर माल दाखवणारी ॲप आली आहेत, व्हॉट्सॲपचे ग्रुप तर असंख्य. मला त्यांचा उपयोग होतो, पण गाडी बुक करायला कमी आणि बाजार समजून घ्यायला जास्त. एकच माल तीन ठिकाणी तीन भाड्यांनी दिसतो. जागा तीच, टन तेवढेच, भरायचा दिवसही तोच. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, तो मालधन्यापासून सगळ्यांत लांब आहे असं समजावं. मधल्या प्रत्येकानं आपली दलाली कापून पुढे दिलेलं असतं. अशा वेळी मी वरच्या आकड्याच्या माणसाला फोन करून एवढंच विचारतो, “पाजी, बिल्टी आपकी कटेगी?” ज्याच्या नावाची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाटणार, बॅलन्सला तोच जबाबदार. दलालाकडून बॅलन्स मागत फिरणं म्हणजे दोन-दोन महिने फोनवर गोड बोलत राहणं.

गाडी भरली की दोर आवळण्याआधी दोन कागद वाचायचे. पहिला ई-वे बिल. आंतरराज्य मालाला एप्रिल २०१८ पासून ते लागतं आणि माझ्या दृष्टीनं गेल्या काही वर्षांत ड्रायव्हरच्या हाती आलेला तो सगळ्यांत कामाचा कागद आहे. दलाल ‘पूना’ म्हणतो, बिलावर पोचवायच्या जागेचा पिनकोड असतो. पिन रांजणगावचा निघाला की भाडं तिथल्या तिथे पुन्हा बोलायचं, कारण माल अजून त्यांच्याच फाटकात आहे आणि माझा आवाज अजून चालतो. गाडीचा नंबर बरोबर चढलाय का बघायचं. मुदतही बघायची. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे नाशिकपर्यंत सात दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे अनेक भावांना ठाऊक नसतं आणि ते नाक्यावर अडकतात.

दुसरा कागद लॉरी हायर चलान. त्यावर एकूण भाडं, ॲडव्हान्स आणि बॅलन्स असतो, खाली दलाली, मुन्शियाना अशी कापाकापी. मी ती प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतो. टीडीएस कापला असेल तर तिथेच हरकत घ्यायची. दहा किंवा कमी गाड्यांच्या मालकानं तसं लिहून देऊन पॅन नंबर दिला की तो कापायचा नसतो. त्या पत्राच्या प्रती माझ्या फाइलमध्ये तयार असतात. उतराईचंही चलानावरच लिहून घ्यायचं, नाहीतर महाराष्ट्रात पोचल्यावर वाराई ड्रायव्हरच्या माथी येते.

हाल्टिंगचा, म्हणजे माल उतरेपर्यंत गाडी उभी राहिल्याच्या भरपाईचा, विषय मात्र अजून सुटलेला नाही. मागे एका कारखान्याच्या फाटकावर माझी गाडी ‘गोदामात जागा नाही’ एवढ्या कारणावर उभी राहिली. रविवार धरून आठवडा निघत आला. द्राक्षाचा एक फेरा बुडाला आणि हाल्टिंग म्हणून हातावर जे ठेवलं त्यात जेवणही भागलं नाही. चलानावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तेव्हा भांडणार कशावर? आता पोचल्याबरोबर वॉचमनच्या रजिस्टरचा वेळेसकट फोटो काढतो आणि ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवतो. दुसऱ्या दिवसापासूनचा दर मी भरतानाच चलानावर पेनानं लिहून सही घेतो. काही ऑफिसं सही करतात, काही गाडीच नाकारतात. नाकारणाऱ्यांचा माल मी घेत नाही.

जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसचा देशव्यापी संप झाला तेव्हा डिझेल, टोल, थर्ड पार्टी विमा हे विषय गाजले. ते मोठेच आहेत. पण एका गाडीच्या मालकाला उभा राहिलेला दिवस डिझेलच्या दरवाढीपेक्षा जास्त लागतो. मालधनी आणि ट्रान्सपोर्ट कंपनी यांच्यातला कागद कसा असावा हे २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानं आणि त्याच्या नियमांनी ठरवून दिलंय. तसाच नमुना ट्रान्सपोर्ट कंपनी आणि गाडीमालक यांच्यातल्या चलानालाही हवा. गाडी पोचल्याची वेळ, खाली झाल्याची वेळ आणि दिवसाचा हाल्टिंग दर असे तीन रकाने त्यात छापलेले असावेत, आणि ते भरल्याशिवाय ई-वे बिलावर गाडीचा नंबर चढू नये.