बेन सिराचा नातू आणि दाराबाहेर राहिलेला ग्रंथ

वगळलेले ग्रंथ म्हटले की बंदी, जाळपोळ, कारस्थान असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. बेन सिराच्या ग्रंथाची हकीकत तशी नाही. म्हणूनच ती मला अधिक अस्वस्थ करते.

इ.स.पू. १८०च्या सुमारास जेरुसलेममधल्या या शिक्षकाने हिब्रूत नीतिवचने रचली. इ.स.पू. १३२च्या सुमारास इजिप्तला गेलेल्या त्याच्या नातवाने ती ग्रीकमध्ये आणली. नातवाची प्रस्तावना मी पुनःपुन्हा वाचते. हिब्रूतले बळ अनुवादात तसेच उतरत नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो. नियमशास्त्र, संदेष्टे आणि इतर लेखन अशी पवित्र ग्रंथांची विभागणीही तिथेच येते. हिब्रू बायबलच्या त्रिविध रचनेचा हा फार जुना पुरावा, आणि आजोबांचा ग्रंथ मात्र त्या रचनेबाहेर!

पुढे धर्मपंडितांनी ठरवले की या ग्रंथाने हात अशुद्ध होत नाहीत. आपल्याला हे उलटे वाटेल, पण त्यांच्या परिभाषेत पवित्र लेखनाच्याच स्पर्शाने हात अशुद्ध होत. मौज अशी की तालमूदमध्ये हा ग्रंथ वाचावा की नाही यावर वाद आहे आणि त्याची वचने आधारासाठी उद्धृतही केली आहेत.

मग तो बाहेर का राहिला? माझ्या मते बेन सिराला स्वतःचे नाव घालणे महागात पडले. दानिएलच्या ग्रंथाला इ.स.पू. १६४च्या सुमारास, म्हणजे बेन सिरानंतर, आजचे रूप आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो बाबिलोनच्या काळातल्या पुरुषाच्या नावावर होता. त्याला जागा मिळाली.

शिक्षा एवढीच, की नकला होणे हळूहळू थांबले. ख्रिस्ती परंपरेने ग्रीक अनुवाद जपला. हिब्रू मूळ शतकानुशतके दिसेनासे झाले. १८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडून आणलेल्या पानांपैकी एक केंब्रिजच्या सॉलोमन शेक्टर यांनी ओळखले. ते बेन सिराचे होते. त्यानंतर कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील जीर्ण लेखनाच्या कोठारातून आणखी पाने निघाली. हे मूळ नसून कुणीतरी मागाहून केलेला उलट अनुवाद असावा, अशी शंका काहींनी घेतली. १९६४ साली मसादाच्या किल्ल्यात, इ.स. ७३च्या सुमारास पडलेल्या त्या गडावर, हिब्रू गुंडाळीचे तुकडे सापडले. मजकूर बहुतांशी जुळला.

तरीही सुमारे एक तृतीयांश हिब्रू मजकूर अजून हाती नाही. तिथे नातवाच्या ग्रीकवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते.