पाहुण्यांना पुणें दाखवितांना

पुणें पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांचे अनुभवानें मीं दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गांतील मंडळी चहाचा पेला खालीं ठेवतांच "शनिवारवाडा किती लांब?" असें विचारतात, दुसऱ्या वर्गांतील मंडळी तुळशीबागेची चौकशी करतात. माझें माहेर कसब्यांत आणि सासर सदाशिव पेठेंत. म्हणजे माझ्या आयुष्याचा सारा प्रवास एक-दीड मैलांत आटोपला. त्यामुळें घरीं येणाऱ्यांना गांव दाखविण्याचें काम गेलीं चाळीस वर्षें आपोआप माझ्याकडे चालत आलें आहे. जाऊबाई स्वयंपाकघर सांभाळतात, मी पाहुणे सांभाळतें. दोहोंपैकीं कोणतें काम सोपें याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.

शनिवारवाड्यांत पाहुण्यांची निराशा ठरलेली. दिल्ली दरवाजापाशीं माणूस हरखतो. त्या प्रचंड फळ्या, हत्तीला धडक मारतां येऊं नये म्हणून बसविलेले अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना, हें सर्व पाहून मोठ्या अपेक्षेनें आंत शिरावें, तों समोर हिरवळ आणि जोतीं! "एवढेंच?" हा प्रश्न मीं इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे कीं, आतां तो डोळ्यांत दिसूं लागतांच मी उत्तराला प्रारंभ करतें. पहिल्या बाजीरावांनीं 1730 सालीं पाया घातला, 1732 सालीं वास्तुशांत झाली. 1773 च्या ऑगस्टांत येथेंच नारायणरावांचा खून झाला. 1817 च्या नोव्हेंबरांत वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें, आणि 1828 च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतील लांकडी इमारती भस्म झाल्या. दगडाचें तेवढें उरलें. रात्रीं तेथें "काका, मला वांचवा" अशी हांक ऐकूं येते काय, असें विचारणारे तरुण पाहुणेहि असतात. त्या भागांत रात्रीं मोटारींच्या भोंग्यांखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं, असें मी त्यांना सांगतें.

या निराशेवर मला एक उपाय सांपडला आहे. वाड्यांत हजारी कारंजें आहे. तें पाहिल्यावर खरा विचारावयाचा प्रश्न असा कीं, जेथें नदी खालीं आणि वस्ती वर, त्या गांवांत त्या काळीं कारंजें उडत होतें तें कशाच्या जोरावर? हा प्रश्न मनांत घेऊन जो वाड्यांत जातो, त्याची निराशा होत नाहीं. म्हणून मी पहिल्या दिवशीं शनिवारवाडा दाखवीतच नाहीं. पहिला दिवस कात्रजचा.

कात्रजला नेतें म्हटलें कीं पाहुण्यांचीं तोंडें उतरतात. नातवंडांना तेथील प्राणिसंग्रहालयाचें आमिष पुरतें. खालचा तलाव त्याच्याच आवारांत असल्यानें मुलें वाघाकडे तोंड करून उभीं राहतात, आणि मी वडील मंडळींचीं तोंडें पाण्याकडे वळवितें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, या डोंगराच्या पायथ्याशीं बांध घालून पाणी अडविण्यांत आलें आणि तेथून चुनेगच्ची दगडी नळ जमिनीखालून शहरापर्यंत नेण्यांत आला. अंतर आठ-दहा किलोमीटरांचें. पंप नाहीं, यंत्र नाहीं. केवळ जमिनीचा उतार अचूक ओळखलेला. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवले. जमिनीवर डोकें काढून उभीं राहिलेलीं दगडी धुरांडींच म्हणा ना! त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ तळाशीं बसे, आणि नळ साफ करावयाचा झाला म्हणजे माणसाला आंत उतरतां येई. शहरांत आल्यावर हें पाणी शनिवारवाड्याला मिळे आणि जागोजागच्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, फडके हौद. आज रिक्षावाल्याला "फडके हौद" म्हटलें कीं तो बिनचूक चौकांत नेऊन सोडतो. नांव चौकाला राहिलें, घागरी घेऊन जाणें संपलें. पुण्याच्या लोकांना पुण्याची थोरवी सांगण्याची खोड आहे असें बाहेरगांवचे लोक म्हणतात. तें मला अमान्य नाहीं. परंतु जी खरोखर सांगण्याजोगी, ती या नळाची गोष्ट सांगणारे आम्हांत थोडेच.

परततांना पर्वती लागते. 103 पायऱ्या, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनीं उन्हें कलल्यावर चढाव्या. नानासाहेबांनींच हें देवदेवेश्वराचें मंदिर बांधलें, आणि पानिपतानंतर पांच महिन्यांनीं, 23 जून 1761 रोजीं, त्यांचा अंतहि येथेंच झाला. 5 नोव्हेंबर 1817 रोजीं दुसरे बाजीराव खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहत होते. एकाच टेकडीवर एक पेशवा खचून मेला आणि दुसऱ्यानें राज्य जातांना पाहिलें, हें सांगितल्यावर पाहुणे क्षणभर गप्प होतात. मग त्यांना खालची सारसबाग दाखवावी. तेथें पूर्वीं तळें होतें आणि तळ्याच्या मधोमध गणपति. पाणी गेलें, बाग झाली, भोंवतीं भेळेच्या गाड्या आल्या. तरी गणपतीला अजून सारे तळ्यांतलाच म्हणतात.

दुसरा दिवस पेठांचा, आणि तो पायींच करावा. तुळशीबागेंत स्त्रियांना एक तास द्यावा व त्यांनीं दोन तास घेतले तर रागावूं नये. तेथील राममंदिराचें काम 1761 सालीं सुरू झालें, हें मी दरवेळीं सांगतें आणि दरवेळीं समोरची बाई पोळपाट उलटसुलट करून पाहत असते. विश्रामबागवाड्याची कोरीव लांकडी दर्शनी बाजू रस्त्याच्या पलीकडून पाहावी. जवळ गेलें कीं ती दिसेनाशी होते. मंडईची अष्टकोनी इमारत 1886 ची. आतां तिच्याजवळच जमिनीखालून मेट्रो धांवते. ज्या मातीखालून पूर्वीं पाणी येत असे तिच्याखालून आतां माणसें येतात, याची माझ्या नातवाला मोठी गंमत वाटते.

येथून सोमवार पेठेंत जावें. नागझरीच्या कांठीं त्रिशुंड गणपतीचें काळ्या दगडाचें मंदिर आहे. 1754 सालीं एका गोसाव्यानें तें बांधावयास घेतलें. देव तीन सोंडांचा, मयूरावर बसलेला. पण मी पाहुण्यांना आधीं बाहेरच्या भिंतीपाशीं थांबवितें. तेथें एक गोरा शिपाई गेंड्याला सांखळीनें बांधीत असल्याचें शिल्प आहे. गेंडा पुण्याच्या रानांत केव्हां होता? कोणी म्हणतात, प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनीं बंगाल बांधला, त्याचेंच हें चित्र. तसें असेल तर पेशवाईच्या भर वैभवांत कोणा अनाम पाथरवटाला पुढचें दिसलें होतें असें म्हणावें लागेल. मंदिराखालीं तळघर आहे, त्यांत बहुधा पाणी सांचलेलें असतें; गुरुपौर्णिमेला तें उपसून आंतील समाधि दर्शनाला मोकळी करतात. एवढें सारें असून तेथें गर्दी म्हणून कसली ती नसते. अमेरिकेहून आलेली माझी भाची त्या गेंड्यापुढें अर्धा तास बसून होती, आणि मला तिच्याविषयीं एकदम आदर वाटूं लागला.

ज्यांच्याजवळ तिसरा दिवस असतो त्यांनीं आगाखान पॅलेसांत कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधींपुढें बसावें. वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री पाहावी. आणि केळकर संग्रहालय कदापि चुकवूं नये. आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नांवानें दिनकर केळकरांनीं घरोघर हिंडून अडकित्ते, दिवे, दौती जमविल्या व 1975 सालीं सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तेथें आपल्या आजीचा चुना-डबी कांचेआड पाहून वयस्क बायका हंसतात आणि मग हळूच डोळे पुसतात.

परंतु दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मी नेहमीं राखून ठेवतें. ती कसब्यापासून सुरू होते. कसबा गणपतीचें दर्शन घेऊन मी मंडळींना नदीच्या बाजूस नेतें आणि जेथें माझें माहेर होतें ती जागा दाखवितें. आतां तेथें सहा मजली इमारत आहे. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मी आठ वर्षांची होतें. वडिलांनीं आम्हां भावंडांना शेजारच्या दगडी घराच्या माडीवर पोंचविलें. तेथून आमचें मातीच्या भिंतींचें घर बसतांना मीं पाहिलें. आवाज फारसा झालाच नाहीं. देव्हारा आणि पितळी डबे तरंगत गेले, आणि आई केवळ "दुधाचें भांडें, दुधाचें भांडें" असें म्हणत होती. त्यांतील विपरीत असें कीं, पाण्यानें गांव बुडविलें आणि दुसऱ्याच दिवसापासून प्यावयास पाणी नाहीं. खडकवासलाहि फुटलें होतें. लोक जुन्या विहिरींकडे आणि आडांकडे धांवले.

येथून मी पाहुण्यांना गंज पेठेंत नेतें. आमच्या नात्यांतले लोक पिढ्यान्पिढ्या पुण्यास येत आले, पण फुलेवाडा पाहिलेला त्यांत विरळा. 1848 सालीं फुले दांपत्यानें मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यांत काढली, तो स्मारकासाठीं 2023 च्या डिसेंबरांत पाडला. गंज पेठेंतील घर मात्र उभें आहे. साधें, बैठें, अंगणाचें घर. ज्या काळीं सार्वजनिक हौदांवर अस्पृश्यांना पाणी भरतां येत नसे, त्या काळीं, 1868 सालीं, जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला केला. कात्रजहून निघालेली माझी गोष्ट येथें येऊन पोंचते. नळ कसा आणला हें सांगितलें आणि पाणी कोणाला मिळालें हें सांगितलें नाहीं, तर गोष्ट अर्धी राहते.

मग आम्ही घरीं येतों आणि मी त्यांना आमच्या मागच्या चौकांतील आड दाखवितें. हा नळाचा आड. म्हणजे झऱ्याचा नव्हे, कात्रजच्या नळाच्या पाण्याचा. सासूबाई सांगत कीं, पूर्वीं भंगिणीला आणि गवंड्याच्या हाताखालच्या बायांना येथें पोहरा टाकतां येत नसे. घरची बाई वरून त्यांच्या भांड्यांत पाणी ओती. 1961 च्या त्या आठवड्यांत दिंडी दरवाजा दिवसरात्र उघडा राहिला आणि ज्याला हवें त्यानें आपल्या हातानें पाणी काढलें. पुढें ती मनाई पुन्हा कोणी घातली नाहीं. 1868 पासून 1961 पर्यंत त्र्याण्णव वर्षें होतात, हा हिशेब मी पाहुण्यांपुढें मांडतें. गंज पेठ आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

आमच्या थोरल्या भाऊजींना हें आवडत नसे. "वहिनी, पाहुण्यांना कारंजें दाखवा, आड दाखवा, घरच्या गोष्टी कशाला उगाळतां?" असें ते अनेकदां म्हणाले. ते पंचाऐंशीचे आहेत, त्यांचा मान मोठा. मीं वाद घातला नाहीं, आणि सांगणेंहि थांबविलें नाहीं.

गेल्या फाल्गुनांत वाड्याचा करार झाला. सह्या सर्वांच्या आहेत, माझीहि आहे. चार ठिकाणीं छप्पर गळतें, आणि वाड्यांतील म्हाताऱ्यांना त्या उभ्या जिन्यानें रोज चढउतार करणें आतां झेपत नाहीं. नकाशा आला तेव्हां मागच्या चौकाच्या जागीं वाहनतळ दिसला. आडाचें काय, असें मीं विचारणार तोंच भाऊजी बोलले. "हा आड बुजवावयाचा नाहीं. वर जाळी घाला, आणि कोणी, केव्हां, कोणासाठीं उघडला हें दगडावर लिहून लावा. वर्षें वहिनी सांगतील." बिल्डर म्हणाला, पाहतों. त्यानंतर भाऊजींनीं त्याला तीन पत्रें लिहिलीं. एकाचें उत्तर आलें आहे, त्यांत पुन्हा "पाहतों" आहे. चौथें पत्र मीं लिहून दिलें आहे आणि त्यावर सही भाऊजींची आहे.

काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचें आहे. तेव्हां ज्या कोणाला यावयाचें असेल त्यांनीं दसऱ्याच्या आगेंमागें यावें. पाऊस सरल्यावर आडांतील पाणी निवळतें, आणि दुपारीं बाराच्या सुमारास ऊन आंत उतरलें म्हणजे दक्षिणेच्या अंगास नळाचें दगडी तोंड स्पष्ट दिसतें.