खेळण्यातला 'प्ले'

'प्ले' या शब्दाचा एक अर्थ मला कॉन्व्हेंटने शिकवला आणि दुसरा चौकच्या गॅरेजवाल्या दादांनी. चाक धरून हलवायचं, खटखट आवाज आला की निदान पक्कं : "ताई, प्ले आलाय!" म्हणजे सांधा झिजून ढिला झालाय.

माझा पेशंट मात्र स्कूटर नव्हता. तामिया या जपानी कंपनीने १९८४ मध्ये काढलेली 'हॉर्नेट', रिमोटवर पळणारी १/१० आकाराची बग्गी. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणलेली. मामा गेला आणि बग्गी कर्जतच्या घरात माळ्यावर पडून राहिली. मामेभावाला ती जशीच्या तशी विकायची होती, कारण 'ओरिजिनल' मालाला हौशी लोक चांगले पैसे मोजतात. मामी एवढंच म्हणाली, "चालेल का गं ती परत?"

झालं! व्हायब्रेशन्सच्या पुस्तकातली स्प्रिंग-डॅम्परची आकृती माझ्या टेबलावर आली. हॉर्नेटचा मागचा गिअरबॉक्स, मोटर आणि चाकं मिळून एकच ठोकळा असतो. तो सांध्यावर वर-खाली होतो आणि दोन ऑइल डॅम्परवर तोलला जातो. पुढे नुसत्या स्प्रिंगा. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेलं सगळं परत करते! ते जिरवायचं काम तेलाचं. इथे तेल कधीच गळून गेलेलं, ओ-रिंगा कडक झालेल्या. त्यामुळे गाडी नुसती बेडकासारखी उड्या मारणार.

ओ-रिंगा बदलल्या. तेल सिलिकॉनचंच घेतलं, कारण मशीन ऑइलने काही रबरं फुगतात. तेल भरल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करायचा, सगळे बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं, मगच झाकण लावायचं. हवा आत राहिली तर डॅम्पर पोचट लागतो.

खरी पंचाईत पुढच्या आर्मची. पिनेचं भोक झिजून अंडाकृती झालेलं. २००४ मध्ये हॉर्नेट पुन्हा बाजारात आली, त्यामुळे नवा आर्म मागवता आला असता. पण हे भोक मामाने शेताच्या बांधांवर गाडी उडवून उडवून झिजवलेलं! मी ते ड्रिलने गोल केलं आणि वर्कशॉपच्या लेथवर पितळी बुश टर्न करून त्यात बसवला. "गेली किंमत!" मामेभाऊ म्हणाला. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

भातकापणी झाल्यावर खालापूरकडच्या एका मोकळ्या खाचरात ट्रायल घेतली. नवी बॅटरी, खाली धसकटं, समोर बांध. गाडी उडाली, टेकली आणि पुन्हा न उसळता पुढे पळाली. मामीने माझ्या हातातून रिमोट घेतला तो अंधार पडेपर्यंत दिला नाही. मामेभाऊ मुकाट्याने उलटलेली गाडी सरळ करून देत होता.

बुश बसवताना एक गोष्ट कळली. पिन आणि बुश यांच्यात अजिबात जागा ठेवली नाही तर सांधा जाम होतो. थोडा प्ले ठेवावाच लागतो. यंत्रातही आणि नात्यातही!