उसन्या मनोऱ्याची शाळा

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला मराठी माणूस गोल्डन गेट पुलापुढे उभं राहून फोटो काढतो आणि परततो. मीही काढला. पण फ्रीमाँटला राहणारा भाचा म्हणाला, "मावशी, उद्या तुला एक शाळा दाखवतो." अमेरिकेत येऊन शाळा बघायची! तरी निघाले.

बार्ट या लोकल गाडीने १६ व्या रस्त्यावर उतरलो. जिना चढून वर आलो, तर फळवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्या पाट्या स्पॅनिशमध्ये. थोडं चालल्यावर मिशन डोलोरेस लागलं. वस्तीला 'मिशन' हे नाव ह्याच्यामुळे पडलं. स्पॅनिश पाद्र्यांनी ते १७७६ मध्ये स्थापलं, आजची इमारत १७९१ ची. कच्च्या विटांच्या तिच्या चार फूट जाड भिंती इथल्या मूळच्या ओलोनी लोकांनी उभारल्या. त्यांतले हजारो जण आवारातच पुरले गेले. १९०६ च्या भूकंपात शेजारचं पक्क्या विटांचं चर्च मोडलं, हे मातीचं राहिलं.

तिथून दोन रस्ते पुढे गेलो आणि वाटलं, दुसरं चर्चच आलं. लाल कौलं, दाराभोवती कोरीव वेलबुट्टी, वर नक्षीदार मनोरा. हीच मिशन हायस्कूल. फी न घेणारी, साधी सरकारी शाळा.

जुनी इमारत १९२२ मध्ये जळाली. जॉन रीड ज्युनियर या वास्तुरचनाकाराने ही नवी उभी केली, १९२७ मध्ये ती पुरी झाली. गंमत अशी, की कॅलिफोर्निया अमेरिकेने मेक्सिकोकडून १८४८ मध्ये घेतला, आणि पाऊणशे वर्षांनी त्याच अमेरिकनांना स्पॅनिश घाटाच्या इमारतींचं वेड लागलं. तेव्हा वस्तीत आयरिश, जर्मन, इटालियन कुटुंबं होती. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे अंगरखा आधी शिवून ठेवला, अंगात घालणारी पोरं मागाहून आली. त्यांतलाच एक मेक्सिकोत जन्मलेला कार्लोस सांताना. १९६५ मध्ये तो इथून बाहेर पडला आणि चारच वर्षांत वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गिटार वाजवत होता.

सगळ्यांना सामावून घेण्याचं शहाणपण या शहराला उपजत नव्हतं. १९०६ मध्येच इथल्या शिक्षण मंडळाने जपानी मुलांना गोऱ्यांच्या शाळांतून काढून वेगळ्या 'ओरिएंटल' शाळेत घालायचा हुकूम सोडला. जपान सरकार भडकलं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं, तेव्हा हुकूम मागे घेतला गेला. पुढे इंग्रजी न समजणाऱ्या चिनी मुलांचा इथलाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७४ च्या निकालाचा आशय असा, की तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिला म्हणून समान शिक्षण दिलं असं होत नाही, मुलाला भाषाच कळत नसेल तर. मला मेळघाट आठवला. घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडतं, तेव्हा त्याला काय कळत असेल?

समोरच्या डोलोरेस पार्कच्या उतारावर बसलो. इथे एकेकाळी ज्यू लोकांची दफनभूमी होती, भूकंपानंतर बेघरांची छावणी पडली. आता हिरवळीवर लॅपटॉपवाली तरुण मंडळी पहुडलेली होती. ह्यांच्यामुळे भाडी वाढली, असं जुने रहिवासी म्हणतात. भाचा गप्प राहिला, तोही अशाच लॅपटॉपवाल्यांतला. तेवढ्यात शाळा सुटली. चिनी, काळी, लॅटिनो, अरब दिसणारी पोरं एकाच घोळक्यात रस्ता ओलांडून आली. स्पॅनिश-इंग्रजीची मिसळ कानावर पडत राहिली.

तुम्ही गेलात तर शाळा बाहेरूनच बघावी लागेल. पण मग चढ चढून २० व्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाच. तिथे एक छोटासा सोनेरी हायड्रंट, म्हणजे आग विझवायचा नळ, आहे. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत आसपासचे नळ कोरडे पडले, पाणी आलं ते ह्याला, आणि मिशनचा मोठा भाग वाचला. दर १८ एप्रिलला, भूकंपाच्या दिवशी, पहाटे लोक जमून त्याला नवा सोनेरी रंग देतात.