सहा आकडी पत्ता

नाना गेल्यावर त्यांची ट्रंक उपसली, तेव्हा १९४४ सालची खिशातली वही हाती लागली. एप्रिलच्या एका पानावर नकाशाच्या शीटचा क्रमांक आणि त्याखाली सहा आकडे. बस्स, एवढंच!

लढाईत नाना कुठं होते, हे आईला कधीच कळलं नाही. पत्रावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर; आत गावाचं नाव आलंच तर सेन्सॉरची कात्री. परत आल्यावरही नाना म्हणत, "होतो तिकडे, ब्रह्मदेशाच्या बाजूला."

यंदा नातवानं त्याच शीटचा, एका इंचाला एक मैल अशा मापाचा, युद्धकाळातला नकाशा मिळवून दिला. त्यावर हजार-हजार यार्डांचे चौकोन. पहिल्या तीन आकड्यांनी डावीकडून उजवीकडे जायचं, पुढच्या तिनांनी खालून वर; तिघांतला शेवटचा आकडा म्हणजे चौकोनाचे दहावे भाग. रांगोळीचे ठिपके मोजावेत तसं बोट सरकवीत गेलो. ते थांबलं मणिपुरात, पालेलच्या विमानतळाच्या कडेला!

म्हणजे जपान्यांनी इंफाळचा रस्ता तोडला होता, शिधा अन् दारूगोळा विमानानं येत होता, तेव्हा नाना त्या वेढ्यात होते. आणि घरी पत्र काय, तर "सर्व क्षेम. आंबे उतरले का?"

आई रोज तिन्हीसांजेला दिवा लावून हात जोडी. कुठल्या दिशेला जोडावेत, हे मात्र तिला ठाऊक नसे. आज दिशा सापडली, पण सांगायला आई नाही. या दिवाळीत एक पणती ईशान्येच्या खिडकीत ठेवीन म्हणतो.