अडवणार कोण?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पहाटे उठून एनबीएची ऑल-स्टार मॅच बघायची आणि मग दिवसभर हापिसात जांभया द्यायच्या, हा आमचा जुना उद्योग. २००१ साली वॉशिंग्टनला ईस्टवाले एकवीसने मागे पडूनही १११-११० जिंकले होते. काय तो आयव्हरसन! असो.

२०२४ ला भाच्याला मुद्दाम उठवलं. शाळेच्या टीममध्ये खेळतो ना. स्कोअर झाला २११-१८६. साहेब वैतागून म्हणाले, "मामा, हे कुणी कुणाला अडवत का नाहीयेत?"

मी म्हटलं, अरे दुखापत झाली तर? कोट्यवधींचे करार असतात.

"मग आमचे सर का ओरडतात?"

घ्या!

आणि मनात आणलं तर जमतं की त्यांना. २०२० ला शिकागोत कोबीच्या आठवणीत शेवटच्या क्वार्टरला घड्याळच बंद ठेवलं. १५७ ला आधी पोचेल तो जिंकला. तेव्हा हेच लोक छातीवर धक्के खात होते, रेफ्रीशी भांडत होते. डंकचं तर विचारूच नका. मोठे स्टार फिरकत नाहीत. २०२३ ते २०२५ सलग तीनदा मॅक्लंग जिंकला, जो बहुतेक काळ खालच्या जी-लीगमध्ये खेळलेला!

२०२५ ला चार टीम, चाळीस पॉइंटांच्या मॅचेस, असा नवा घाट घातला. मी भाच्याला उठवायला गेलो, तर गडी बूट बांधून ग्राउंडवर निघालेला.