मागची चाकं काय म्हणतात

त्सुकुबाचं शेवटचं वळण उजवीकडे वळतं आणि वळतच राहतं. जपानच्या इबाराकी प्रांतातला हा ट्रॅक जेमतेम २.०४५ किलोमीटरचा. सपाट, साधा, डोळ्यांत भरावं असं आजूबाजूला काही नाही. ‘ग्रान टुरिझ्मो ७’ या खेळात डोंगरातले, समुद्राकाठचे कितीतरी देखणे ट्रॅक असताना मी पुन्हा पुन्हा इथे येतो, ते या एका वळणासाठी. मागच्या सरळ रस्त्यावरून भरधाव आलेली गाडी आत घ्यायची, आणि मग ती एका कुशीवर कललेली असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किती दाबायचा, हे क्षणाक्षणाला ठरवत राहायचं. पाय जरा जड झाला की गाडीचं नाक बाहेरच्या गवताकडे सरकतं. घाबरून एकदम उचलला की मागची बाजू फिरायला बघते. वळण संपेपर्यंत गाडी काहीतरी सांगत असते, आणि ते ऐकू येण्यासाठी आधी बऱ्याच गोष्टी बंद कराव्या लागतात.

माझी गाडी १९८९ची माझदा. त्या काळी जपानात ती ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली जायची, आणि खेळातही तेच नाव आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, १.६ लिटरचं इंजिन, १२० अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. चाक घसरलं तर सावरून घेणारा संगणक या गाडीत कारखान्यातून आलाच नव्हता. खेळ मात्र तिला तो देऊ करतो. ट्रॅक्शन कंट्रोल शून्यापासून पाचपर्यंत हवं तेवढं. गाडी फिरू नये म्हणून स्टॅबिलिटी मॅनेजमेंट. फिरलीच तर स्टिअरिंग उलट दिशेला वळवून देणारी मदत. कुठून जायचं ते रस्त्यावर आखून दाखवणारी रेघ, आणि ब्रेक कुठे लावायचा त्याची खूण. हे सगळं चालू ठेवलं की रोडस्टर छान पळते. फक्त ती रोडस्टर राहत नाही. कुठल्याही गाडीत बसा, सगळ्या तेवढ्याच समजूतदार वागतात. खेळात चारशेहून अधिक गाड्या आहेत आणि आपण मात्र एकच गाडी वेगवेगळ्या रंगांत चालवत असतो.

या मदती बंद करण्याकडे मर्दुमकी म्हणून बघणारे पुष्कळ आहेत. मला त्यात रस नाही. नवख्याने त्या चालू ठेवाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. ज्याच्या हातांना त्रास आहे त्याने कायम ठेवाव्यात. खेळात इतके बारीक पर्याय आहेत ते त्यासाठीच. माझी तक्रार वेगळी आहे. मदत चालू असली की गाडी माझ्याशी बोलत नाही, संगणकाशी बोलते. मागचं चाक घसरायला लागतं, संगणक इंजिनचा जोर कापतो, चाक पुन्हा पकड घेतं, आणि या सगळ्या घडामोडीचा मला पत्ताही लागत नाही. मला एवढंच कळतं की गाडी जरा मंद वाटतेय.

सगळ्यात आधी रेघ घालवावी, असं माझं मत आहे. रेघ असली की नजर तिच्यावर खिळते, गाडीच्या नाकापुढे दहा-वीस मीटर. ती गेली की नजर आपोआप वर उठते, वळणाच्या आतल्या काठाकडे, तिथून बाहेर पडायच्या जागेकडे. ब्रेकसाठी खुणा स्वतःच शोधाव्या लागतात. अंतराची पाटी, डांबराच्या रंगातला फरक, कठड्याची सुरुवात. ट्रॅक पाठ होतो तो तेव्हा. त्यानंतर स्टॅबिलिटीवाली मदत काढावी, मग ट्रॅक्शन कंट्रोल एकेक आकडा उतरवत शून्यावर आणावं. एबीएसचं मात्र वेगळं. या खेळात वेगवान खेळाडूही ते चालूच ठेवतात, आणि मीही. कंट्रोलरवरचा ब्रेकचा खटका बोटाखाली थरथरतो, तेव्हा कळतं की टायरची हद्द आली.

ही हद्द म्हणजे या सगळ्या प्रकाराचं मूळ. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढा असतो, चार चाकांचे चार तळहात. त्या तेवढ्या जागेत मिळणारी पकड ठरलेली. ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. सगळी वळण्याला दिली तर जोर लावायला उरत नाही. म्हणून वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही, स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा तो उलगडत न्यायचा. ब्रेकमुळे गाडीचं वजन पुढे आलेलं असतं, पुढची चाकं रस्त्यात रुतलेली असतात, आणि तेवढ्या वेळात नाक सहज आत येतं. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. बोटांत उतरायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि त्या काळात माणूस आधीपेक्षा हळू जातो, हेही आधीच सांगितलेलं बरं.

गाडी बोलायला लागली की मग ट्यूनिंगला अर्थ येतो. त्याआधी नाही. मदती चालू ठेवून सस्पेन्शनचे आकडे फिरवणारे लोक मी पाहतो तेव्हा नवल वाटतं. केलेला बदल संगणकच गिळून टाकणार, तो कळणार कुणाला? मदती काढल्या की मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीला कलू न देणारा दांडा, एका घराने कडक केला तरी वळणाच्या मध्यावर फरक जाणवतो. मागची बाजू मोकळी होते, गाडी उत्साहाने आत वळते, आणि ओल्या रस्त्यावर तोच उत्साह अंगाशी येतो. पुढचा बार कडक केला तर उलट, गाडी शांत आणि हट्टी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावतात, तेव्हा दोरा हलतो केसभर आणि अख्खा तंबोरा वेगळा बोलतो. पण ते कळायला खोलीत शांतता हवी.

स्प्रिंगचा कडकपणा हा खेळ हर्ट्झमध्ये मोजतो, म्हणजे दाबून सोडली तर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल. रस्त्यावरच्या साध्या गाडीत हा आकडा साधारण दीडच्या आसपास असतो, रेसच्या गाड्यांत दुप्पट किंवा त्याहून जास्त. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग किती आत कलवायचा. सरळ रस्त्यावर असं कललेलं चाक पूर्ण टेकत नाही, म्हणून ब्रेकचा जोर थोडा कमी पडतो. पण वळणात गाडी बाहेर झुकली की तेच चाक सपाट बसतं आणि भार घेतं. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढच्या टोकाला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, तर आपल्याकडच्या कुठल्याही अलाइनमेंटवाल्याला ठाऊक असतो. ‘साहेब, आतून टायर खातेय, टो बघायला पाहिजे,’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला खेळातला हा आकडा परका वाटणार नाही. मागच्या चाकांना जरा टो-इन दिला की गाडीची शेपटी सरळ राहते. बदल्यात टायर घासतात आणि सरळ रस्त्यावरचा वेग किंचित घटतो.

प्रत्येक आकडा असं काहीतरी मागून घेतो. सगळ्यांत लबाड डिफरन्शियल. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू द्यायला हवं. पण पूर्ण मोकळीक दिली तर आतलं हलकं झालेलं चाक नुसतं गरगरतं आणि जोर वाया जातो. दोन्ही फार घट्ट बांधली तर गाडी आधी वळायला नाही म्हणते, आणि मग दोन्ही चाकं एकाच वेळी सुटून मागची बाजू फटकन बाहेर येते. त्सुकुबाच्या त्या शेवटच्या वळणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवलाय तो या एका आकड्यापायी. दुसऱ्यांनी काढलेले तयार सेटअप मिळतात, पुष्कळ मिळतात, आणि त्यातले कित्येक उत्तम असतात. तरी ते मला क्वचितच लागू पडतात. ज्याने तो बनवला तो ब्रेक माझ्यापेक्षा उशिरा सोडत असेल, किंवा स्टिअरिंग झटक्याने वळवत असेल. सेटअपमध्ये निम्मी गाडी असते आणि निम्मे हात.

त्सुकुबावर नीट बसलेली गाडी घेऊन नुर्बुर्गरिंगला जावं. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात १९२७ साली खुला झालेला हा ट्रॅक. त्याचा उत्तरेकडचा वळसा, नॉर्डश्लाइफे, २०.८ किलोमीटरचा, आणि सर्वांत खालच्या-वरच्या टोकांत तीनशे मीटरचा चढउतार. इथे सपाट ट्रॅकची शिकवण पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत गळून पडते. फ्लुगप्लाट्झच्या उंचवट्यावर गाडी हलकी होते. कडक स्प्रिंगवर ती खाली आली की उसळते. पुढे फुक्सरोहरेच्या उतारावर तळाशी वेग असा दाबून बसतो की खाली आणलेली गाडी रस्त्याला घासते. कारुसेल या वळणाला आतल्या बाजूने काँक्रीटची कललेली पन्हळ आहे. मूळची ती पावसाचं पाणी जायची जागा. रुडॉल्फ काराचिओलाने तिच्यात चाकं घालून वळण घ्यायची युक्ती रूढ केली असं सांगतात, आणि वळण त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्या पन्हळीत गाडी दाणदाण हादरते. मग हर्ट्झचे आकडे उतरवायचे, गाडी काही मिलिमीटर वर घ्यायची, बार मऊ करायचे. तीच रोडस्टर, पण जवळजवळ दुसरी गाडी. १९७६ साली निकी लाउडाचा जिवावर बेतलेला अपघात इथे झाला आणि फॉर्म्युला वनने या वळशावर पुन्हा पाय ठेवला नाही. पडद्यावर आपण गवतात जाऊन पुन्हा सुरुवात करतो, हे विसरू नये म्हणून सांगितलं.

या खेळाचा जनक काझुनोरी यामाउची स्वतः नुर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला आणि २०११ साली त्याच्या संघाने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. पहिला ग्रान टुरिझ्मो १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानात आला, तेव्हाच त्यात शर्यतीआधी लायसन्सच्या परीक्षा होत्या. गाडी ठरावीक अंतर पळवा आणि खुणेच्या पट्ट्यात थांबवा, असल्या. आरटीओत आठचा आकडा काढलेल्या माणसाला हसू येतं, पण त्या परीक्षांनी एका पिढीला ब्रेक लावायला शिकवलं.

मदतीचा हा वाद काही खेळातच उपटलेला नाही. १९९२ साली विल्यम्सची एफडब्ल्यू१४बी ही गाडी संगणकाच्या जोरावर चालणारं सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोल घेऊन आली, आणि नायजेल मॅन्सेलने त्या मोसमातल्या सोळापैकी नऊ शर्यती जिंकल्या. १९९४पासून फॉर्म्युला वनने ड्रायव्हरच्या या मदतींवर बंदी घातली. ट्रॅक्शन कंट्रोल २००१मध्ये परत आलं आणि २००८मध्ये पुन्हा गेलं. शर्यत बघणाऱ्याला माणूस गाडीशी झगडताना बघायचा असतो, हे त्यामागचं एक कारण. मला ते पटतं.

रस्त्यावर मात्र मी यातलं काही बंद करत नाही. बॉशचं एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आलं, गाडीला फिरू न देणारं इएसपी १९९५मध्ये, आणि या दोन गोष्टींनी किती माणसं घरी सुखरूप पोहोचवली असतील याचा हिशेब लागणार नाही. पावसातल्या वरंधा घाटात मला गाडीशी संवाद वगैरे काही साधायचा नसतो. समोरून एसटी येत असते, आणि तिच्या मागे कुणीतरी ओव्हरटेक करत असतं.

तेव्हा घरी खेळ असेल तर एवढं करून बघा. फेरारी बाजूला ठेवा, कमी ताकदीची, मागच्या चाकांना जोर देणारी गाडी घ्या. त्सुकुबा निवडा. रेघ घालवा, ट्रॅक्शन कंट्रोल शून्यावर आणा, एबीएस राहू द्या. गाडी फिरायची थांबेपर्यंत सेटिंगला हात लावू नका. मग मागच्या अँटी-रोल बारपासून सुरू करा, आणि एका वेळी एकच आकडा बदला.